भोईरच्या गाडीचं तेल

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरांत झाली. खिंडीच्या अलीकडे आमची एमटी प्लाटून होती, म्हणजे गाड्यांची तुकडी. काम सरळ होतं. सकाळी खालून रेशन आणि रॉकेल भरायचं, वरच्या पोस्टला उतरवायचं, अंधाराआधी परत यायचं. मी नायक होतो. माझ्याबरोबर दुसरा नायक होता प्रकाश भोईर, ठाकुर्लीचा. मी ठाण्याच्या नौपाड्यातला. एवढ्या लांब जाऊन शेजारी सहा स्टेशनांपलीकडचा माणूस निघावा, याचा आम्हाला दोघांनाही पहिल्या दिवशी फार आनंद झाला आणि दुसऱ्या दिवशी भांडण. तो मला ‘ठाणेकर’ म्हणायचा, जणू मी परदेशातून आलोय.

आमचा दिवस फर्स्ट परेडने सुरू व्हायचा. इंजिन चालू करायच्या आधी ड्रायव्हरने तेल, पाणी, टायर, पट्टे स्वतःच्या हाताने तपासायचे. यात माझी कीर्ती तुकडीभर होती. नवा असताना एकदा डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढली तर तेलाची रेघ आदल्या दिवसापेक्षा वर. मी छाती पुढे काढून सुभेदारसाहेबांना रिपोर्ट दिला, “साहेब, बाकीच्यांच्या गाड्या तेल पितात. माझी तेल देते!” साहेबांनी डिपस्टिकचा वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला. डिझेलचा वास. पंपातून डिझेल गळून तेलात मिसळत होतं आणि मी त्याचा सत्कार करायला निघालो होतो. पुढचे दोन महिने लंगरमध्ये माझ्या ताटात डाळ वाढताना स्वयंपाकी शिवराम विचारायचा, “नायकसाब, आज गाडीने किती तेल दिलं?”

हे सगळं आज लिहायला बसलो ते प्रकाशच्या धाकट्या भावामुळे. किशोर भोईरने यंदा नवा ट्रक घेतला. वागळे इस्टेटमधून लोखंडी सुटे भाग उचलायचे, डोंबिवलीच्या कारखान्यांत आणि पुढे कल्याणपर्यंत टाकायचे, असं काम त्याला मिळालंय. त्याचा फोन आला.

“दादा, तेल कुठलं टाकू आणि कधी बदलू, ते तुम्ही येऊन सांगा. घरात रोज महाभारत चाललंय.”

“कंपनीचं पुस्तक आहे ना?”

“पुस्तक आहे हो. बाबा पण आहेत.”

बाबांचं म्हणणं होतं, तेल दर पंधरा दिवसांनी बदलायचं. गाडी चालो न चालो. नाहीतर किशोरने गाडी चालवायची नाही, चावी त्यांच्याकडे द्यायची. आणि त्यांनी खरोखर चावी घेऊन ठेवली होती. मिळालेलं काम हातचं जायची वेळ आली होती.

“पंधरा दिवस कुठून काढलं त्यांनी?” मी विचारलं.

किशोर म्हणाला, “प्रकाशदादाची गाडी तिकडे बंद पडली ना. म्हणून गेला तो. बाबांचं म्हणणं, वेळेवर तेल बदललं असतं तर बंद पडली नसती. आख्खा गाव तेच बोलतो.”

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की त्यांना सगळं ठाऊक आहे. घरी जे अधिकारी गेले त्यांनी थोडक्यात सांगितलं असणार: गाडी रस्त्यावर उभी होती, बर्फाचा कडा आला. गाडी उभी होती, म्हणजे बिघडली होती, म्हणजे नीट ठेवली नव्हती. आख्खं आयुष्य बैलगाडीपासून टेम्पोपर्यंत काही ना काही हाकलेल्या माणसाने लावलेला हा हिशेब. मुलगा गेला आणि वर तो कामात कच्चा होता, हे दोन्ही त्यांनी सोसलं होतं.

त्या दिवशी काय झालं ते असं.

आम्ही तीन गाड्या खाली येत होतो. पुढे माझी, मध्ये ॲम्ब्युलन्स, मागे भोईरची. ट्रक रिकामे होते. ॲम्ब्युलन्समध्ये शिवराम होता. वरच्या पोस्टला स्वयंपाक करायला गेला आणि दोन दिवसांत त्याच्या फुफ्फुसांत पाणी झालं. उंचीवर असं होतं. यावर औषध एकच, माणसाला लवकरात लवकर खाली आणणं. डॉक्टर त्याच्याजवळ बसले होते. ऑक्सिजनचा सिलिंडर अर्ध्याच्या खाली गेला होता. सुभेदारसाहेब माझ्या शेजारी.

रस्ता एका गाडीपुरता. बर्फ ताजा. माझ्या चाकांनी वाट पाडायची आणि ॲम्ब्युलन्सने त्याच चाकोरीतून यायचं. दुपारी दीडच्या सुमारास मागून हॉर्न वाजला. बर्फाखालच्या दगडावर ॲम्ब्युलन्सचं पोट आपटलं होतं. इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा बोल्ट तुटून गेला होता आणि पांढऱ्या बर्फावर काळी रेघ पडत होती. ड्रायव्हर हुशार, प्रेशरचा दिवा लागताच त्याने इंजिन बंद केलं. इंजिन वाचलं. तेल गेलं.

आमच्याकडे तेलाचा एक डबा होता. त्या इंजिनाला तसे तीन लागायचे. शिवरामला ट्रकच्या उघड्या, थंड हौद्यात हलवायला डॉक्टर तयार नव्हते.

भोईर गाडीखाली वाकून बघून आला. “साहेब, माझा बोल्ट बसेल. सेम चासी आहे. तेल पण माझंच घ्या.”

मी म्हणालो, “माझं काढा साहेब.”

“तुझी गाडी पुढे आहे,” सुभेदारसाहेब म्हणाले. “तुझं काढलं तर तू रस्ता अडवून बसशील. डोकं चालव.”

“त्याचं डोकं तेल देणारं आहे साहेब, चालणारं नाही,” भोईर म्हणाला आणि पान्हा घेऊन आपल्या गाडीखाली शिरला.

तेल धरायला भांडं नव्हतं. वरून परत आणलेली लंगरची मोठी डेगची त्याच्या गाडीत होती. शिवराम ज्या डेगचीत आमची डाळ करायचा, तिच्यात तेल उतरलं. ते तेल नुकतंच बदललेलं होतं. खरं तर किलोमीटर भरायला खूप अवकाश होता. पण भोईरचं म्हणणं असायचं की इथे किलोमीटर बघणं हा गाढवपणा आहे. थंडीत गोठू नयेत म्हणून आमच्या गाड्या उभ्या जागी तासन् तास चालू असत. चाक फिरत नाही, पण इंजिन फिरतंच. तेलाला काय माहीत गाडी जागेवर आहे? म्हणून तो तास मोजायचा आणि वेळेआधी साहेबांच्या मागे लागून तेल बदलून घ्यायचा. मी त्याला ‘तेलाचा भुकेला’ म्हणायचो.

ॲम्ब्युलन्स पहिल्या सेल्फला चालू झाली. प्रेशर बरोबर आलं.

आता भोईरची गाडी चालू करता येणार नव्हती. लष्कराची गाडी रस्त्यावर टाकून ड्रायव्हर जात नाही. वळणापलीकडे रस्ता साफ करणाऱ्या माणसांची दगडी खोली होती, आत शेगडी होती. त्याने तिथे राहायचं आणि सकाळी खालून रिकव्हरी गाडी तेल घेऊन येईल, असं ठरलं. रेडिओ सेट मात्र त्याच्या गाडीत होता. ठरलेल्या वेळी खोलीतून गाडीपर्यंत येऊन बोलायचं.

“उद्या येतो,” मी म्हणालो.

“येताना डेगची धुवायला काहीतरी आण,” तो म्हणाला. “शिवराम खाली जाऊन बरा झाला की मला मारेल.”

आम्ही उजेड असताना खालच्या हॉस्पिटलला पोहोचलो. शिवराम श्वास घेत होता. मी सेटवर गेलो.

“भोईर, पेशंट पोहोचला. जिवंत आहे. ओव्हर.”

“रॉजर. इंजिन कसं चाललं? ओव्हर.”

“एक नंबर. ओव्हर.”

“चालणारच. ते माझं तेल आहे, ठाणेकर. आउट.”

रात्रभर बर्फ पडला. सकाळी पहिल्या कॉलच्या वेळेला तो सेटवर यायला हवा होता. मी हाक दिली. पुन्हा दिली. सुभेदारसाहेबांनी माझ्या हातातून माउथपीस घेतला आणि त्यांनी दिली. कॉलसाठी तो खोलीतून निघून गाडीत बसला होता आणि त्याच वेळी वरचा कडा सुटला. आम्हाला तो संध्याकाळी मिळाला, सीटवरच.

तर, किशोरच्या ट्रकचं तेल.

ठाकुर्लीला जाताना मी डोंबिवलीच्या दुकानातून एक डबा घेऊन गेलो. आम्ही फौजेत वापरायचो तसलं, दणकट, जाड तेल. मोठ्या ऐटीत तो डबा मी ओटीवर ठेवला. किशोरने पुस्तक उघडून बोट ठेवलं. नवीन बीएस-सिक्स गाडीला कमी राख होणारं तेल लागतं, नाहीतर धुराचा फिल्टर चोंदतो. मी आणलेलं तेल त्या गाडीला चालणारच नव्हतं. डबा परत करायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, “काका, हे रणगाड्यात टाका आता.” तेव्हा पहिली गोष्ट ही, की तेल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घ्यावं, माझ्यासारख्या निवृत्त हवालदाराच्या आठवणीतलं घेऊ नये.

किती दिवसांनी बदलायचं, यावर मी किशोरला आधी विचारलं, “गेटवर लोडिंगला थांबतोस तेव्हा इंजिन बंद करतोस?”

“एसी लागतो ना दादा. आणि शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तर काय, गाडी पार्क केल्यासारखीच असते.”

“म्हणजे चालूच.”

“चालूच.”

विकणाऱ्याने त्याला जो मोठा आकडा सांगितला होता तो हायवेवर सरळ धावणाऱ्या गाडीचा होता. त्याच पानावर खाली ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या, थांबून-थांबून चालणाऱ्या गाडीसाठी वेगळा, लहान आकडा आहे. तो किशोरचा. इंजिन किती तास चाललं तेही गाडीच्या पडद्यावर दिसतं, ते बघत जायचं. तेल काळं झालं म्हणून घाबरायचं नाही, डिझेलमध्ये ते होतंच. रेघ वर चढली तर मात्र गॅरेज गाठायचं, माझ्यासारखा आनंद मानायचा नाही. पंधरा दिवसांची गरज नाही.

“हे सगलं ठीक,” बाबा म्हणाले. ते इतका वेळ खांबाला टेकून बसले होते, चावी कमरेला. “पन प्रकाशची गारी बंद परली, त्याचा काय?”

मग मी त्यांना सांगितलं. वर लिहिलं तसंच. बोल्टपासून सेटवरच्या शेवटच्या बोलण्यापर्यंत. किशोर उभा होता तो खाली बसला. वहिनी, प्रकाशची बायको, आतून दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

बाबांनी मला मध्ये एकदाच थांबवलं. “म्हंजी गारी बरी व्हती?”

“आमच्या सगळ्यांत चांगली होती, बाबा. म्हणून तर तिच्या तेलावर ॲम्ब्युलन्स पहिल्या सेल्फला चालू झाली.”

“आन तो शिवराम?”

“आहे. त्याच्या गावी हॉटेल चालवतो.”

त्यांनी मान हलवली. मग कमरेची चावी सोडली, किशोरच्या हातात दिली आणि म्हणाले, “पुस्तकात लिवलंय तवा बदल.”

मी निघालो तेव्हा ते माझ्याबरोबर नाक्यापर्यंत चालत आले. रिक्षा स्टँडवर त्यांचे दोन-तीन सोबती बसले होते. त्यांतल्या एकाने विचारलं, “कोन पावना, भोईर?”

“प्रकाशच्या पल्टनीतला,” बाबा म्हणाले. मग काठी जमिनीवर टेकून नीट उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माज्या पोराची गारी बंद परली नव्हती. त्यानं केली व्हती.”