जयेशच्या योद्ध्याची उणीव

खालच्या मजल्यावर कुणीतरी सुकट भाजतंय. बायको नाक मुरडत खिडकी लावायला उठली आणि मला कॉलेजातला जयेश आठवला, कोलशेतच्या कोळीवाड्यातला.

दर रविवारी दुपारी डोंबिवलीला आमच्या घरी आम्ही चौघं फासे टाकून खेळायचो. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. पात्रं एका सॉफ्टवेअरमध्ये तयार व्हायची आणि लॅपटॉप माझा होता. जयेश पहिल्यांदा आलेला तेव्हा त्याला योद्धा हवा होता. ताकद, वेग, सगळं भरून झालं. शेवटी पात्राला एक उणीव द्यावी लागायची. बटण दाबलं की सॉफ्टवेअर स्वतःच एखादी निवडायचं. मी बटण दाबलंच नाही. हाताने टाइप केलं, 'अंगाला सुकटीचा वास येतो, जवळ कुणी बसत नाही.' प्रिंट काढून मोठ्याने वाचलं. बाकीचे दोघं हसून हसून लोळले.

"हे कॉम्प्युटरने दिलं?" जयेशने विचारलं.

"मग काय! मी काय करणार?"

त्याने शर्टाची बाही हळूच नाकाशी नेली. "परत दाब ना रे एकदा. दुसरं काहीतरी येईल."

"एकदाच दाबता येतं. नियम आहे."

नियम कसला! माझी उणीव मी त्याच दुपारी पाच वेळा बदलून घेतलेली.

तरी जयेश वर्षभर यायचा. मानेला पावडर थापून, आमच्यापासून लांब, दाराशी बसायचा. मला वाटायचं, पठ्ठ्या काय शिरलाय पात्रात!