दुखवट्याच्या घरातली कॉफी

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आमच्या गल्लीत सात वर्षं काढूनही मला एकाच घरात बेल न वाजवता जाता येत होतं. ते म्हणजे शेजारच्या बाईंचं. बाई डोमिनिकन रिपब्लिकच्या, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या. मी ऑफिसातून येईपर्यंत माझी लेक त्यांच्याकडेच असायची आणि त्यांना अबुएला म्हणायची, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी.

बाईंचं एक मत ठाम होतं. चार माणसं बसलेली असताना तिथे जाऊन तोंड न उघडणं म्हणजे त्यांचा अपमान. जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, वेटिंग रूममध्ये शिरल्या की त्या अख्ख्या खोलीला खणखणीत ‘गुड मॉर्निंग’ घालायच्या. लोक मोबाइलमधून दचकून वर बघायचे आणि सोबत असले तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. निघताना पुन्हा सगळ्यांना बाय. "माणसं बसलीयत, खुर्च्या नाहीत," असं वर मलाच सुनावायच्या.

मागच्या हिवाळ्यात त्यांचे मिस्टर गेले. त्यांच्यात त्यानंतर नऊ दिवस रोज संध्याकाळी घरी प्रार्थना असते. दुसऱ्या दिवशी मी गेले आणि आईने शिकवलेलं सगळं काटेकोर पाळलं. पांढरा कुर्ता घातला. कोणाशी न बोलता मागे जाऊन बसले. प्रार्थना संपल्यावर बाईंच्या बहिणीने कॉफी पुढे केली, ती मी हातानेच नाकारली, कारण दुखवट्याच्या घरात आपण काही घेत नाही. थोड्या वेळाने गुपचूप उठून आले. अशा घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं. घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली. खरं सांगते, आपण किती शहाण्यासारखं वागलो असंच मला वाटत होतं.

चार दिवसांनी बाई फुटपाथवर भेटल्या. त्यांनी लेकीला पोटाशी धरलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

"आई, अबुएला तुझ्यावर क्रॉस आहे? रागावलीय?" लेकीने विचारलं.

नवरा म्हणाला, "अगं, ग्रीफ आहे ते. थोडी स्पेस दे त्यांना."

मला मात्र रागच आला. एवढं रीतीने वागून वर हे? आणि रागाखाली भीती होती. या गल्लीत माझं म्हणावं असं ते एकच माणूस होतं. दुसऱ्या दिवशी दुपारीच मी त्यांच्या दारात उभी राहिले आणि विचारलं, "माझं काय चुकलं?"

त्यांनी मला किचनमध्ये बसवलं. "तू माझ्या घरात आलीस, एकाही माणसाशी बोलली नाहीस. माझी कॉफी परत पाठवलीस. चोरासारखी निघून गेलीस. बहीण मला विचारत होती, हीच का तुझी मैत्रीण?"

मी घाईघाईने सांगितलं, की आमच्यात हाच मान देणं असतं. गप्प बसायचं, काही घ्यायचं नाही, न सांगता निघायचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण का?"

हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. उत्तर देताना माझी मलाच लाज वाटायला लागली. "म्हणजे... मृत्यू आपल्या पाठोपाठ आपल्या घरी येऊ नये, म्हणून."

त्यांनी विचारलं, "आणि ज्या बाईच्या घरी तो येऊन गेलाय, तिने काय करायचं?"

बाबा गेले तेव्हा पुण्याला आईकडेही लोक असेच यायचे, गप्प बसायचे आणि निघून जायचे. दहा-बारा दिवसांनी मी इकडे परतले. नंतर फोनवर आई एकदा म्हणाली होती, "तू तरी जरा वेळ बोल गं माझ्याशी." मला मीटिंग होती. रात्री करते म्हटलं आणि केला नाही.

हे बाईंना सांगताना मी रडले. त्यांनी गॅसवर कॉफीचं भांडं चढवलं, इवल्याशा कपात तीन चमचे साखर घातली. मी ती कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

"प्रार्थना येत नसली तरी चालेल," बाई म्हणाल्या. "आज माझ्याशेजारी बस. पण आधी घरी जा आणि तुझ्या आईला फोन कर."