व्हर्ना हिमनदीला भेटून येते

थंड उत्तर किनाऱ्यावरच्या हूना गावच्या व्हर्ना विलर्डचं आयुष्य हिमनद्यांच्या आसपास गेलं, पण ती एकीच्याही जवळ कधी गेली नव्हती. दर उन्हाळ्यात ती प्रवाशांच्या एका छोट्या जहाजावर स्वयंपाक करायची. जहाज खाडीत नांगर टाकायचं, हौशी मंडळी रबरी बोटींतून उतरून बर्फाकडे चालू लागायची, आणि व्हर्ना खाली भटारखान्यात हॅलिबट मासे तळत उभी असायची.

कुणी चल म्हटलं तरी ती जात नसे. हिमनदीला कान असतात आणि नाकही असतं, असं तिच्या आजीने सांगून ठेवलं होतं. तिच्यासमोर बढाई मारायची नाही, तळणाचा वास घेऊन जायचं नाही. एकदा हिमनदी पुढे सरकली तेव्हा आपल्या जमातीच्या माणसांना या खाडीतलं अख्खं गाव सोडून पळावं लागलं, हे हूनातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि व्हर्नाच्या तर केसांतच तळणाचं तेल मुरलेलं. "मी गेले तर जहाजासकट गिळेल," असं म्हणून ती हसायची, पण जायची नाही ती नाहीच.

त्या वर्षी तिची धाकटी बहीण लोरेटा गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी पडून होती. पडल्या पडल्या तिला फोनवर बोलायला उसंतच उसंत. ती एकदा म्हणाली, "रुसलेल्या म्हाताऱ्या नातेवाइकासारखं त्या हिमनदीला किती वर्षं टाळायचं गं? एकदा जाऊन भेट की." व्हर्नाला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने कढई चुलीवर चढवलीच नाही. सगळ्यांना थंड सँडविचं बांधून दिली, केस खसाखसा धुतले आणि दुसऱ्या कुणाचं तरी जाकीट घालून बोटीत येऊन बसली. लोरेटाचा मुलगा हार्लन या सहलींचा वाटाड्या होता. त्याने हुंगून पाहिलं.

"मावशी, साबणाचा घमघमाट सुटलाय. हिमनदी साबणावर रागावली म्हणजे?"

"तू पुढं बघून चाल," मावशी म्हणाली.

अस्वलांना आपली चाहूल लागावी म्हणून हाका घालत त्यांनी झुडपं पार केली आणि सगळे दगडगोट्यांच्या उघड्या मैदानावर आले. बरोबर ओहायोचे प्रुइट नावाचे निवृत्त दंतवैद्य होते. याहून मोठ्या हिमनद्या आपण आइसलँडला पाहिल्या, अर्जेंटिनाला पाहिल्या, ही म्हणजे अगदीच किरकोळ, असं त्यांचं वाटभर चाललं होतं. व्हर्नाने त्यांना हळू बोलायला सांगितलं. "ऐकतेय ती."

"ऐकू दे की," म्हणत ते हार्लनच्या पावलांची वाट सोडून बाजूला सरले आणि करड्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले. धडपडले तसे आणखी खाली गेले. व्हर्ना सरळ पालथी पडली आणि लहानपणी ओहोटीला शिंपले काढायची तशी दोन्ही हातांनी पायाभोवतीचा चिखल उपसू लागली. हार्लनने मागून ओढलं. पाय बाहेर आला, बूट आतच राहिला. प्रुइट पांढरेफटक पडून बसले. तो एकच मोजा बघून व्हर्नाला जे हसू फुटलं ते थांबेना, आणि शेवटी तेही हसायला लागले.

"आता काय करू?" त्यांनी विचारलं.

"तिची माफी मागा. बूट आम्ही काढतो."

हार्लन बूट उपसत होता तोवर प्रुइट बर्फाकडे वळून काहीतरी पुटपुटले. चेष्टेत नव्हे.

बर्फाची भिंत जवळ आली तेव्हा निळ्या भेगांतून पाणी नुसतं टपटपत होतं. व्हर्नाने वाटेत पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून फक्त आजीचं नाव निघालं. मग आपल्या जमातीच्या भाषेत तिने सांगितलं, मी तिची नात. उशीर झाला. बर्फाला हात टेकवला तर गारठ्याने बोटं बधिर झाली, तरी तिने काढला नाही. डोळे भरून आले होते आणि तोंडावर हसूही होतं.

तेवढ्यात वर कुठेतरी बर्फ कडाडला. सगळ्यांनी प्रुइटकडे पाहिलं.

"मी काही बोललो नाही," ते घाईघाईने म्हणाले.

परतल्यावर व्हर्नाने कप्तानाला सांगून टाकलं की यापुढे दर फेरीत एक दिवस ती किनाऱ्यावर जाणार. दुसरी स्वयंपाकीण शोधण्यापेक्षा कप्तानाला सँडविच परवडलं. पुढल्या उन्हाळ्यात काठी टेकत लोरेटाही आली. बर्फासमोरच्या दगडावर बसून दोघी बहिणी गावातल्या एका लग्नाबद्दल इतक्या रंगून बोलत राहिल्या, की भरती चढायला लागली हे हार्लनला तीनदा सांगावं लागलं.