चौथे दहा मणी

इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळे 'कडक' म्हणत. घडी कडक आणि जीभही कडक. पण रोज संध्याकाळी सहाला आंधळ्या आईच्या खोलीत शिरताना तिची बोबडी वळायची, कारण आईच्या लेखी ती मेलेली होती.

सतराव्या वर्षी ती एका लग्न झालेल्या ट्रकवाल्याबरोबर पळून गेली. त्याने दोन वर्षांत वाऱ्यावर सोडलं. आईने तर पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "माझी मुलगी मेली." रागाच्या भरात पुष्कळ आया असं बोलतात आणि आठ दिवसांत विसरतात. ही बाई शब्दाची पक्की निघाली. चाळिशीत मुलगी परतली, तोवर आईचे डोळे गेले होते. मावशीने युक्ती काढली.

"सोबतीला बाई ठेवलीय म्हणून सांगते. तू आपलं कमी बोल. वाफेने घसा बसलाय तुझा, नाही ओळखायची ती."

सोबतीचं मुख्य काम रोझरीचं, म्हणजे जपमाळेवर प्रार्थना म्हणण्याचं. माळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग, आणि आईने ते वाटून टाकलेले. पहिला नवऱ्यासाठी, दुसरा आईवडिलांसाठी, तिसरा बहिणीसाठी, चौथा मुलीसाठी, पाचवा त्या दिवशी मरणाऱ्या सगळ्यांसाठी. प्रत्येक मण्यावर अर्धी प्रार्थना आईने म्हणायची, उरलेली अर्धी सोबतच्या बाईने. ज्याच्यासाठी भाग धरला तो मयत असेल, तर शेवटी आईने त्याच्यासाठी चिरशांती मागायची आणि सोबतच्या बाईने उत्तर द्यायचं.

पहिल्या संध्याकाळी चौथा भाग संपला आणि आई म्हणाली, "हे प्रभो, माझ्या मयत मुलीला चिरशांती दे."

आईने माळेचा क्रूस खाटेच्या दांडीवर ठकठक वाजवला.

"उत्तर दे, बाई. मेलेल्यांना ताटकळत ठेवू नये."

"आणि अखंड प्रकाश तिच्यावर पडो," मुलगी म्हणाली. स्वतःच स्वतःला मूठमाती देऊन ती घरी गेली आणि न जेवता झोपली.

दोन वर्षं हे असंच चाललं. तिला एकच हवं होतं. एकदा, मरण्याआधी फक्त एकदा, आईने तो भाग जिवंत माणसासाठी म्हणावा. शेवटी आईच्या घशाखाली घास उतरेना झाला, तेव्हा कुठे हिने धीर केला.

"आई, मी आहे. चौथा भाग आज जिवंत माणसासाठी म्हण."

आई दचकली नाही. बोटं मण्यावर होती तिथेच राहिली.

"पहिल्याच दिवशी ओळखलं. उंबऱ्यावर दोनदा पाय घासून आत येतेस, लहानपणापासून."

"मग?"

"मेलेली म्हणून रोज तुझ्यासाठी हात जोडता आले. जिवंत धरलं तर माफ करावं लागेल. ते माझ्याच्याने होत नाही गं." मग चौथा भाग नेहमीसारखाच म्हणून झाल्यावर ती म्हणाली, "उत्तर दे."

मुलीने दिलं. मला विचाराल तर त्या म्हातारीचा मला संताप येतो. पण तिच्या त्या एका 'गं'वर मुलीने पुढचे नऊ दिवस काढले.

दहाव्या दिवशी चौथ्या भागाच्या सहाव्या मण्यावर आईचा आवाज थांबला. मुलीने वाट पाहिली. मग नाकाशी हात धरून पाहिला. माळ बोटांतून सोडवून घेतली आणि उरलेले चार मणी दोघींच्या वाटणीचे एकटीने म्हटले. धरलेला भाग अर्धवट टाकायचा नाही, आणि ज्याच्यासाठी धरला त्याच्यासाठीच संपवायचा, हा आईचाच नियम.

"हे प्रभो, माझ्या मयत मुलीला चिरशांती दे," ती आईच्या जागी म्हणाली.

उत्तर द्यायला खोलीत कुणी नव्हतं. तेही तिनेच दिलं.

पाचवा भाग राहिला होता, त्या दिवशी मरणाऱ्या सगळ्यांसाठीचा. आज त्यांत आई होती. मेलेल्यांना ताटकळत ठेवू नये, म्हणून तिने लगेच पहिला मणी धरला.