कोण पडलं?

उद्यमनगरातल्या त्या लोखंडाच्या दुकानदाराचं नाव मी विचारलंच नाही. बाहेरच्या जिन्याला पाय न घसरणारी चेकर प्लेट बसवायची, एवढंच मी सांगितलं. त्यानं दमल्या आवाजात विचारलं, "कोण पडलं?"

"आई."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. चप्पल काढून प्लेटवर पाणी ओतलं, अनवाणी पाय घासून बघितला. ती नको म्हणाला. दुसरी ओढली, पुन्हा पाणी, पुन्हा पाय. तळव्यावर नक्षीचे वळ उठले होते.

"पडायच्या आदी कोण येतच न्हाय की, पावणं. आता चढत्यात काय जिना?"

"आई गेली. वडील एकटेच चढतात."

त्यानं आणखी एक ओढली. तिसऱ्या प्लेटवर पाणी ओतून म्हणाला, "आता तुमी काढा चप्पल. वडलांगत सावकाश पाय टाका."