पहिले ताजं करा

लाखांदूरचा खांब मी चुकीचा छापला आणि ठपका भाऊंवर आला. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे त्यांच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी वाचून तुम्हाला वाटेल, किती जीव होता याचा त्यांच्यावर. जीव होताच. तरीही मी ते केलं.

भाऊ आमच्या जिल्हा कृषी कार्यालयात कंत्राटी संगणक ऑपरेटर होते. पन्नाशी ओलांडलेली, चष्म्याला मागून दोरी. मूळचे पवनीचे विणकर. माग थंडावला त्या काळात ते मुलीला सायकलवर कॉम्प्युटरच्या क्लासला सोडायला जात आणि मागच्या बाकावर बसून राहत. "पोरगी लगन होऊन गेली, शिकणं माह्याकडंच राह्यलं," असं ते सांगायचे.

गोंदिया वेगळा झाल्यावर आमच्याकडे सात तालुके उरले. पावसाळ्यात दर आठवड्याला गावागावांतून धानाचे आकडे येत. रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, किती झाली, आवत्या, म्हणजे बी फेकून पेरलेलं, किती आणि बाकी किती. त्या शेकडो ओळींतून भाऊ पिवट टेबल, म्हणजे तालुकावार बेरजांचा तक्ता, काढत आणि त्यावर चार्ट उभा करत. एका तालुक्याचा एक खांब, एका खांबात तीन थर. रोवणी हिरवी, आवत्या पिवळी, बाकी मातकट.

हिरवा थर नेहमी तळाशी. मी एकदा विचारलं, "काहून भाऊ, वर ठेवला तर काय बिघडते?"

"खालचाच थर जमिनीवर उभा असते, बाबू. सात खांबांत कोणाची रोवणी जास्त, हे डोळ्याले लगेच समजते. वरचे थर अधांतरी. त्याइले मोजाव लागते."

रंगांच्या बाबतीत ते फार हट्टी. एकदा साहेबांना चार्ट फिका वाटला. त्यांनी लाल, जांभळा आणि वर ठसठशीत थ्रीडी करायला सांगितलं. भाऊंनी दोन मिनिटांत करून दाखवलं आणि शांतपणे म्हणाले, "सायेब, लुगडं झालं. आता याच्यात धान कुठं हाय, ते तुमीच दाखवा." साहेब हसले. हिरवा परत आला.

पण तुमच्यासारख्या पाहणाऱ्याच्या लक्षात राहिला असता तो त्यांचा अंगठा. मूळ यादीतला आकडा बदलला म्हणून पिवट आपोआप बदलत नाही, ते जुनंच धरून बसतं. त्याला रिफ्रेश करावं लागतं. भाऊ त्याला 'ताजं करणं' म्हणत. छापण्याआधी ते रिफ्रेश करत, मग पडद्याला न लावता अंगठा प्रत्येक खांबावरून खालून वर नेत, मागावरच्या काठावरून फिरवावा तसा. कोणी घाई केली की एकच वाक्य: "पहिले ताजं करा, मंग पाहा."

त्या दिवशी दुपारी बैठक होती. भाऊंनी कागद छापून माझ्या टेबलावर ठेवले आणि डबा घेऊन बाहेर गेले. तेवढ्यात लाखांदूरहून फोन आला, आमचा आकडा दुरुस्त करा. मी भाऊंच्या खुर्चीत बसलो, यादीत आकडा बदलला, यादी आणि चार्ट दोन्ही नव्याने छापले, त्यांचे कागद फाडून टाकले. ताजं केलं नाही.

बैठकीत यादी एक सांगत होती आणि खांब दुसरंच. "चार्ट कोणी केला?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"ऑपरेटरने, सर," मी म्हणालो.

खोली सोडून आल्यावर मी पहिलं काय केलं असेल? फाईल उघडली, रिफ्रेश केलं, सेव्ह केली. आता सगळं बरोबर दिसत होतं.

भाऊंना बोलावणं आलं. साहेबांनी विचारलं, "ताजं केलं होतं का?"

"केलं होतं सायेब," भाऊ म्हणाले. मग जागेवर येऊन त्यांनी फाईल उघडली, लाखांदूरची ओळ पाहिली आणि स्वतःशीच पुटपुटले, "हा आकडा मी कवा टाकला?" मी शेजारी उभा राहून एका फाईलची नाडी बांधत होतो. ती बांधून झाली होती, तरी बांधत होतो. भाऊ परत साहेबांकडे गेले. "केलं असंन सायेब," म्हणाले. "आता आठवत नाई."

पुढच्या महिन्यात त्यांचा करार वाढला नाही. जाताना त्यांनी माझा हात धरला. "बाबू, नवा माणूस येईन, त्याले हिरवा खाली ठेवाले सांगजा."

नव्या माणसाला मी ते सांगितलं. दुसरं जे सांगायचं होतं ते कोणालाच नाही. अनेक वर्षांनी पवनीला एका कामासाठी गेलो, तेव्हा विचारत विचारत त्यांचं घर गाठलं.

भाऊ ओसरीवर बसले होते. आत त्यांची बायको सुपात तांदूळ निवडत होती. चहा झाला. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ द्या, जुनी गोष्ट. ते चष्मा काढून गमछ्याने बराच वेळ पुसत राहिले.

"म्हणजे मी ताजं केलं होतं," शेवटी म्हणाले.

"हो भाऊ."

"मले वाटलं, माहं डोस्कंच गेलं. कॉम्प्युटरले मंग हातच नाई लावला. घराचं कुलूप मी लावतो, बाबू, अन् ही मांगून जाऊन ओढून पाहाते. तवापासून." त्यांनी आत बोट दाखवलं. "मले सांगतलं ते आता तिले सांगा. अन् जोरानं सांगा, तिले कमी ऐकू येते."

मी आत गेलो आणि सुपासमोर जमिनीवर बसलो. तिने हात थांबवले. शेजारच्या अंगणातलं कोणीतरी माझ्या आवाजाने वळून पाहिलं, तरी मी आवाज खाली आणला नाही.

"वहिनी, आकडा मी बदलला होता. ताजं करायचं मी विसरलो, अन् नाव भाऊंचं सांगितलं. भाऊ काही विसरले नव्हते. मला माफ करा."