बाबा, हलायचं नाही!

मंडळी, आज सकाळी मी तासभर एका खुर्चीत अडकलेलो. लेकीची चित्रकलेची परीक्षा जवळ आलीय, तिला समोर बसलेला माणूस काढायचा होता. मॉडेल म्हणून मी.

नेमकं तेव्हाच पाणी आलं. आमच्याकडे, दिवा स्टेशनजवळ, नळाला पाणी आलं की बाकी सगळं बंद. बायको किचनमधून बादल्या भरून बाल्कनीतल्या ड्रममध्ये ओतायला लागली, माझ्या अगदी समोरून.

मला मान वळवता येईना, मोबाइल बघता येईना. बघत बसलो. प्रत्येक खेपेला तिचा हात कमरेवर जात होता. कंबर कधीपासून दुखतेय हिची? मी उठायला गेलो.

"बाबा, हलायचं नाही!" लेक ओरडली.

"बसा हो, बिघडेल तिचं चित्र," बायको म्हणाली.

ड्रम भरला आणि चित्रही झालं. खरंच सुंदर काढलंय. बायकोने गाऊनला हात पुसत ते निरखून बघितलं आणि हसली.

"हुबेहूब गं! रोज पाणी येतं तेव्हा हे अस्सेच बसलेले असतात."

लेक म्हणतेय, फ्रेम करून हॉलमध्ये लावू. नको म्हणायला एखादं कारण सुचतंय का कुणाला?